पॅनलच्या मागची बाई

"एअरस्पीड," कॅप्टन म्हणाले, आणि काटेवालीचा हात झटकन उजवीकडे गेला.

डोळ्यांवर काळी पट्टी घट्ट बांधलेली होती. बोटांना गार काच लागली, आणि काचेच्या खालच्या कडेला एक छोटा खुंटा लागला. एअरस्पीडला खुंटा नसतो. तो असतो अल्टिमीटरला. वेग दाखवणारं यंत्र वर डावीकडे आणि उंची दाखवणारं वर उजवीकडे, हे उड्डाणाच्या शाळेत परवा दाखल झालेलं पोरगंही झोपेतून उठवून विचारलं तर सांगेल. तिनं घाईनं हात डावीकडे नेला, पण तोवर शेजारच्या सीटवर पेन्सिल खरर्रकन फिरली होती. फुली पडली.

पुढंही तेच झालं. वळणाचं यंत्र विचारलं की हात चढउताराच्या यंत्रावर, आणि चढउतार विचारला की वळणावर. वरचं क्षितिज आणि खालची दिशा, ही मधली दोन तेवढी बरोबर आली. मधलं कुठूनही मधलंच असतं. शेवटी कॅप्टननी कागदाची घडी केली आणि तिला पट्टी सोडायला सांगितलं.

"पंधरा वर्षं हीच यंत्रं काढताय नि बसवताय ना बाई तुम्ही? उद्या कॉकपिटमध्ये धूर झाला, दिवे गेले, तर हात जाणार कुठे? पट्टीच्या परीक्षेत नापास म्हणजे सोलो नाही, एकटीनं विमान न्यायचं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा बसा."

पंधरा दिवसांनी म्हणजे तीस तारखेला. तीस तारखेला काय आहे हे कॅप्टनना ठाऊक होतं आणि तिलाही.

हँगरमध्ये इंजिनवाले होते, पत्रेवाले होते आणि यंत्रांचे काटे बघणारी ही एकटी, म्हणून ती काटेवाली. वय सदतीस. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि महिन्यातले वीस दिवस रस्त्यावरच असायचा. घरात सासूबाई आणि ती. पंधरा वर्षांत तिच्या सहीवर शेकडो मुलं-मुली आभाळात गेली, मोठमोठ्या कंपन्यांत लागली आणि तिला विसरली. त्याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. वाटलं ते एकदाच. नुकतंच लायसन्स मिळालेली एक मुलगी टोपी काखेत मारून हँगरमध्ये आली आणि म्हणाली, "ताई, एक विचारू? वर असताना काटा खोटं बोलतोय हे कळतं कसं?" काटेवालीनं सांगितलं की एक यंत्र खोटं बोलायला लागलं की बाकीची पाच त्याची चुगली करतात, फक्त त्यांना विचारायची सवय हवी. मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं, आभार मानले आणि गेली. काटेवाली पुन्हा पॅनलखाली शिरली. पान्हा हातात तसाच राहिला, इतका तिला राग आला होता. जे त्या मुलीला येत नव्हतं ते हिला येत होतं, आणि तरी आभाळ त्या मुलीचं होतं.

शाळेच्या ऑफिसात, घड्याळाच्या खाली, एका फ्रेममध्ये संस्थापकांच्या काळचा एक नियम टांगलेला होता. दहा वर्षं सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला वैमानिकाचं शिक्षण शाळा देईल, असं त्यात लिहिलेलं होतं. चाळीस वर्षांत त्या फ्रेमवरची धूळ पुसण्यापलीकडे कुणी तिला हात लावला नव्हता. काटेवालीनं अर्ज केला. कॅप्टन शाळेचे मुख्य शिक्षक. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि तिला बोलावून घेतलं. लायसन्स घेऊन करणार काय, या वयात कोणती कंपनी दारात उभी करणार, असं विचारलं.

"कंपनी कशाला?" ती म्हणाली. "तुमच्या खुर्चीत बसेन. यंत्रं शिकवीन. तुमच्या पोरांना ती येत नाहीत."

कॅप्टननी अर्ज ठेवून घेतला. नियम तो नियम. नऊ महिने, आठवड्यातून दोन सकाळी, तिचं काम सुरू होण्याआधी ते तिला शिकवत राहिले. त्यांनी तिचं कौतुक कधी केलं नाही. एकदा उतरताना "ठीक" म्हणाले होते, तेवढंच. मधल्या काळात भिंतीवर चाळीस वर्षं शोभून दिसलेला नियम कुणीतरी वापरल्याबरोबर जुना झाला. तीस तारखेला संध्याकाळी सहाला शाळेच्या विश्वस्तांची बैठक होती. नियम रद्द होणार, आणि त्याआधी ज्यांनी एकट्यानं उड्डाण केलं असेल त्यांचंच शिक्षण पुढं चालू राहणार. "ज्यांनी" म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

परीक्षेत माती खाऊन ती हँगरमध्ये आली. शाळेच्या दोन विमानांपैकी एक तिथं इंजिन उतरवून उभं होतं. ती सवयीनं सीटवरून आत सरकली, पायांच्या जागेत डोकं घालून उताणी झाली, आणि पॅनलच्या पाठीमागचं ते नळ्यांचं नि तारांचं जंगल तिच्या चेहऱ्यावर आलं. तिनं डोळे मिटले आणि स्वतःलाच विचारलं, एअरस्पीड? हात उजवीकडे गेला. आणि इथं तो बरोबर होता! पंधरा वर्षं तिनं ही यंत्रं पाठीमागून पाहिली होती, खालून, उताणं पडून. वैमानिकाचं डावं ते तिचं उजवं. उघड्या डोळ्यांनी सीटवर बसली की डोळे सांभाळून घेत. डोळे बांधले की हात आपल्या जुन्या घरी जात. ती पडल्या पडल्या हसायला लागली. इंजिनवाल्यानं वाकून पाहिलं आणि बाईला नापास झाल्याचा धक्का बसला असं समजून पाणी आणून दिलं.

घरी जाऊन तिनं डब्यांची सहा झाकणं काढली आणि कपाटाच्या दारावर दोन ओळींत चिकटवली. साखरेचं झाकण वेगाचं, मिठाचं उंचीचं. समोर खुर्ची मांडली. सासूबाईंच्या हातात यादी दिली आणि डोळ्यांवर मफलर बांधला.

सासूबाई तीस वर्षं एका शाळेत शिपाई होत्या. परीक्षेच्या खोल्यांना बाहेरून कड्या घातल्या, घंटा दिल्या, पण परीक्षा घ्यायला काही कधी मिळाली नव्हती. सुनेच्या या खुळाला त्यांचा आधी विरोधच होता. एक चाकांवर, दुसरी पंखांवर, मग मी काय भिंतींशी बोलू, असं त्या महिनाभर ऐकवत होत्या. पण यादी हातात आली आणि त्यांच्यात हेडमास्तर संचारले. रोज सकाळी तास घेत. चुकलं की फूटपट्टी टेबलावर आपटत. डब्यांना झाकणं नसल्यानं साखरेला मुंग्या लागल्या, तर वेगाला मुंग्या लागल्या म्हणून शेजारणीला सांगून मोकळ्या झाल्या.

सहाव्या-सातव्या दिवशीही हात उजवीकडेच जात होता. सासूबाईंनी यादी खाली ठेवली आणि सुनेकडे नीट बघितलं.

"अगं, मी विचारलं की तू मान मागे टाकतेस. दर वेळी. अशी का करतेस?"

काटेवालीला ते माहीतच नव्हतं. तिनं सांगितलं की पॅनलखाली पडल्यावर मान तशीच असते.

"म्हणजे मनातल्या मनात अजून खालीच पडून आहेस तू," सासूबाई म्हणाल्या. "खुर्ची दिलीय ना तुला? मग उठून बस की."

त्या एका वाक्यानं काम केलं असं म्हणणं सोपं आहे, पण तसं झालं नाही. आणखी पाच दिवस लागले. सासूबाई मागे उभ्या राहून दोन्ही हातांनी तिची मान सरळ धरत आणि मग विचारत. बाराव्या दिवशी हात डावीकडे गेला. तेराव्या दिवशी तो न विचारता गेला.

तीस तारखेला दुपारी एक वाजता पट्टीची परीक्षा झाली. तीस प्रश्न, तीस उत्तरं. मान खांबासारखी ताठ होती. कॅप्टननी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि इंजिन सुरू करायला सांगितलं. एक चक्कर ते बरोबर येणार, मग उतरणार, आणि ती एकटी जाणार.

टॉवरनं हवेचा दाब सांगितला. तिनं अल्टिमीटरचा खुंटा फिरवून तो आकडा लावला. आता काट्यानं धावपट्टीची उंची दाखवायला हवी. काटा निघाला, आणि दीडशे फूट अलीकडेच थांबला.

कॅप्टननी हात लांब करून काचेवर टिचकी मारली. काटा टुणकन उडी मारून जागेवर आला.

"चाललं," ते म्हणाले. "घ्या पुढे."

ही टिचकी तिच्या ओळखीची होती. पंधरा वर्षं वैमानिक हँगरच्या दारात येऊन सांगत, टिचकी मारली की चालतं, उगाच उघडत बसू नका. आणि पंधरा वर्षं ती सगळ्यांशी भांडत आली होती. इंजिन चालू असताना, सगळं विमान थरथरत असताना जो काटा अडकतो, तो आतून बिघडलेला असतो. आज ढगांच्या वर असल्याचं सांगेल आणि उद्या झाडात नेऊन घालेल. फक्त हे सगळं तिनं आजवर पॅनलच्या पलीकडून सांगितलं होतं. अलीकडे बसल्यावर टिचकी किती गोड लागते ते तिला आज कळलं. दुसरं विमान अजून इंजिनाविना उभं होतं. आभाळ स्वच्छ होतं. सहा वाजता सगळं संपणार होतं. एका टिचकीचा तर प्रश्न होता, आणि ती मारून झालीही होती.

तिनं इंजिन बंद केलं.

"काय करताय?" कॅप्टननी विचारलं.

"विमान अडवून ठेवतेय, साहेब." तिनं खिशातून लाल चिठ्ठी काढली आणि स्टिअरिंगला बांधली. ती चिठ्ठी असेपर्यंत विमान कुणालाच उडवता येत नसे, कॅप्टननाही नाही.

"आज शेवटचा दिवस आहे, बाई."

"माहीत आहे. मला दोन-अडीच तास द्या."

ती हँगरमधून नवा अल्टिमीटर घेऊन आली आणि पॅनलखाली उताणी झाली. तिथं तिचं उजवं ते उजवं आणि डावं ते डावं, कुणाच्या बापाचं काही चालणार नव्हतं. नळी सोडली, चार स्क्रू काढले, जुना बाहेर, नवा आत. काम अर्ध्या तासाचं होतं, वेळ खाल्ला तो तपासणीनं. नळीत गळती नाही ना, काटा चढताना आणि उतरताना सारखाच चालतो ना, हे सगळं पायरीपायरीनं बघावं लागतं आणि त्यात घाई चालत नाही. बाहेर कॅप्टन येरझारा घालत होते. साडेपाचच्या आत चाकं जमिनीला लागली पाहिजेत, नाहीतर मी काही करू शकणार नाही, असं ते दोनदा येऊन सांगून गेले. तिनं दोन्ही वेळा "हो" म्हटलं आणि तपासणीची एकही पायरी गाळली नाही. भीती वाटत नव्हती असं नाही. डोळ्यांत पाणी येत होतं आणि उताणी असल्यामुळे ते कानात जात होतं.

साडेचार वाजता तिनं लाल चिठ्ठी सोडली आणि लॉगबुकात दुरुस्तीच्या रकान्यात सही केली. कॅप्टन ती सही बघत उभे राहिले.

"स्वतः दुरुस्त केलेल्या विमानात स्वतःच एकट्यानं जाणार? पहिल्यांदाच? दुसऱ्या कुणी बघायला नको?"

काटेवाली चिंधीला हात पुसत होती. ती थांबली.

"पंधरा वर्षं माझ्या एकटीच्या सहीवर तुमची पोरं वर पाठवलीत, साहेब. तेव्हा नाही विचारलंत."

कॅप्टननी लॉगबुक मिटलं. मग शेजारच्या सीटवर जाऊन बसले. एक चक्कर झाली, विमान उतरलं. पट्टा सोडून खाली उतरण्याआधी त्यांचा हात सवयीनं अल्टिमीटरच्या काचेकडे गेला, टिचकीसाठी बोट वाकलं, आणि तसंच परत आलं. दार लावून ते गवतात जाऊन उभे राहिले.

एकटीच्या वजनानं विमान पटकन उचललं. शेजारची सीट रिकामी होती, तिचा पट्टा तेवढा हलत होता. सहाही यंत्रं समोर होती, सुलट. उंचीचा काटा एकदाही न अडखळता चढत गेला, आणि तिनं सवयीनं बाकीच्या पाचांना विचारून घेतलं. पाचांनीही तेच सांगितलं. खाली हँगरचं छप्पर दिसलं, हातरुमालाएवढं. त्या छपराखाली आपण पंधरा वर्षं उताणं पडून होतो हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचा फार अभिमान वाटला. तो तिनं लपवला नाही. लपवायला तिथं होतं कोण?

पाच वाजून वीस मिनिटांनी चाकं जमिनीला लागली.

सहाच्या बैठकीत नियम रद्द झाला. ऑफिसच्या भिंतीवरून फ्रेम उतरवली, घड्याळाखाली पांढुरका चौकोन तेवढा राहिला. त्या नियमावर शिकलेली ती पहिली, आणि तीच शेवटची. एक पत्रेवाला दोन वर्षांनी, त्याची दहा वर्षं भरल्यावर, अर्ज करणार होता. त्याला ती काय सांगणार होती कोण जाणे.

पण ते नंतर. त्याआधी, विमान हँगरच्या दारात उभं असताना, कॅप्टननी लॉगबुक तिच्यापुढे धरलं. त्या पानावर दोन रकाने असतात. वर दुरुस्ती करणाऱ्याची सही, खाली उडवणाऱ्याची. वरचा तिनं पंधरा वर्षांत हजारो वेळा भरला होता, आणि खाली प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणाचं तरी अक्षर असायचं. तिनं पेन घेतलं. आधी हात पुसावेत असं तिला वाटलं, पण तिनं ते पुसले नाहीत. खालच्या रकान्यात तिनं सही केली, वरच्यासारखीच, आणि तेलकट अंगठ्याचा डाग दोन्ही सह्यांच्या मध्ये उमटला. कॅप्टन तो पुसायला निघाले होते.

"राहू द्या," ती म्हणाली.