तोंड बंद ठेवायचं जेवण

गाडीतून उतरल्याबरोबर रचनाने सासऱ्यांची टोपी सरळ केली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि त्यांच्या तळहातावर बोराएवढा खडीसाखरेचा खडा ठेवला.

"हा तोंडात धरा, मामाजी. चावायचा नाही. विरघळेपर्यंत एक शब्द नाही."

"अन् विरघळला त?"

"दुसरा आहे पर्समध्ये."

दुधरामजींनी खडा गालात ढकलला. अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं नव्हतं. ते आज लागलं, तेही गोंदियाच्या नव्या कॉलनीतल्या 'द सारस'च्या दारात, रविवारी भर दुपारी साडेबारा वाजता.

कुलूप लावायला कारण होतं. गेल्या वर्षी त्यांच्या नातीला, हर्षाला पाहायला पाहुणे आले, तेव्हा दुधरामजींनी त्यांना घरच्या विहिरीत पडलेल्या वाघाची हकिकत सांगितली. वाघ पंधरा दिवस विहिरीत राहिला. पोहायला शिकला. बायकांनी बादली खाली सोडली की ती काठोकाठ भरून द्यायचा. त्याला वर काढलं त्या दिवशी आळीतल्या बायका रडल्या, आता पाणी कोण भरून देणार म्हणून. पाहुण्यांत एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी विहीर पाहायला मागितली. विहीर एवढी अरुंद, की त्यात मांजर पडली असती तरी तिला आडवं होता आलं नसतं. "ज्या घरात वाघ एवढा फुगते, त्या घरात शेतीचे एकर किती फुगत असतील," असं हेडमास्तर चहा पिताना म्हणाले, आणि आठ दिवसांनी फोनवर नकार आला.

त्या नकाराचं हर्षाला फारसं काही वाटलं नव्हतं. या खेपेची गोष्ट वेगळी होती. हर्षा गोरेगावच्या शाळेत गणित शिकवायची आणि घरातही गणितासारखीच बोलायची. भूक लागली म्हणण्याआधी ती घड्याळ पाहायची. रेल्वेत इंजिनिअर असलेल्या हिमांशूशी तिने महिनाभर फोनवर बोलून घेतलं आणि एका ओळीत उत्तर मांडलं:

"आई, मला हाच पाहिजे."

आजोबांना मात्र तिने काहीच बजावलं नव्हतं. खडीसाखरेपेक्षा तेच त्यांना जास्त जड झालं होतं.

आत थंडी अशी होती की बाहेरचा कार्तिक महिना आत आला असता तर त्याने आधी स्वेटर मागितला असता. दार उघडायला एक माणूस होता, आणि बंद करायला दुसरा. खुर्च्या एवढ्या मऊ की दुधरामजी बसले ते थेट कमरेपर्यंत बुडाले. समोरची पांढरी ताटं बैलगाडीच्या चाकाएवढी होती. त्यांत वाढायच्या वस्तू कपाळावरच्या टिकलीएवढ्या असणार, हे त्यांनी शेजारच्या टेबलाकडे पाहून ताडलं. या ताटांवर त्यांच्याकडे तीन चांगल्या गोष्टी तयार होत्या. तिन्ही त्यांनी खड्याबरोबर गालात ठेवल्या.

मुलाकडची मंडळी नवेगाव बांधची. हिमांशूचे वडील श्यामलाल, आई सुशिलाबाई आणि आजी सुमनबाई. घरात शेवटचा शब्द सुशिलाबाईंचा, हे हिमांशूने हर्षाला आधीच सांगून ठेवलं होतं. सुशिलाबाईंचा चेहराही तेच सांगत होता.

हर्षा आणि हिमांशू टेबलाच्या दूरच्या टोकाला बसले. अलीकडच्या टोकाला दोन्ही घरची म्हातारी माणसं समोरासमोर आली. दुधरामजींच्या शेजारी रचना होती आणि सुमनबाईंच्या शेजारी सुशिलाबाई.

सूप आलं. चमचे वाजले. बाकी काही वाजलं नाही.

"शेती किती जी तुमची?" श्यामलालनी शेवटी विचारलं.

दुधरामजींनी हाताची पाच बोटं दाखवली.

"यंदा धान कसं झालं?"

दुधरामजींनी मान हलवली.

"आमच्याकडं तुडतुडा पडला होता. तुमच्याकडं?"

दुधरामजींनी पुन्हा मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांच्या मुलालाही कळलं नाही.

श्यामलाल बायकोच्या कानाशी वाकले. कुजबुज करण्याची त्यांना सवय नसावी.

"बुढ्याले बोलता येत नाही का वो?"

"घसा बसला आहे त्यांचा," रचना घाईने म्हणाली.

"कधीपासून?" सुशिलाबाईंनी विचारलं.

"आत्ताच," धर्मेंद्र म्हणाला. तो दुधरामजींचा मुलगा. बापाची ही विद्या त्याच्या वाट्याला अजिबात आली नव्हती.

दूरच्या टोकाला हर्षाने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. टेबलावर थापा नव्हत्या, पण आता संशय होता, आणि सूप थंड होत होतं तसा तो घट्ट होत होता.

खाली मान घातलेल्या दुधरामजींना याच वेळी एक गोष्ट दिसली. समोर बसलेल्या सुमनबाई मधूनमधून श्वास ओढायच्या, डोळ्यांत काहीतरी चमकायचं, ओठ उघडायचे, आणि त्याच क्षणी शेजारच्या सुशिलाबाईंचं कोपर हलायचं. सुमनबाई पुन्हा सूपवर वाकायच्या. दुधरामजींनी आपल्या डाव्या बरगडीवरून हात फिरवला. सकाळपासून तिथे रचनाच्या कोपराने घर केलं होतं.

त्यांनी सुमनबाईंकडे नव्याने पाहिलं.

मग जेवण आलं. पितळी भांड्यांत भात, डाळ, वांग्याची भाजी, आणि केळीच्या पानात गुंडाळलेला मासा. काळ्या जाकिटातल्या वेटरने डाव उचलला, तोच धर्मेंद्र उठून उभा राहिला.

"अरे, ठेव ठेव. पाहुण्यायले आमी वाढतो."

मुलीकडच्यांनी पाहुण्यांना स्वतःच्या हाताने वाढायचं, आग्रह करायचा आणि पाहुणे हात धुवायला उठेपर्यंत स्वतः बसायचं नाही. सोयरिकीच्या जेवणाचा हा नियम धर्मेंद्रने अंगणातल्या पंगतीतून जसाच्या तसा गालिच्यावर आणला. पण श्यामलालही त्याच मातीतले.

"हे कसं जमन जी? टेबल आमी बुक केलं. पाहुणे तुमी. बसा."

"मुलीकडचे आमी आहो. तुमी बसा."

"मी काऊन बसू?"

त्यांनी डाळीचं भांडं ताब्यात घेतलं. नवरा उठल्यावर सुशिलाबाई उठल्या आणि भाजी घेतली. विहीणबाई उभ्या असताना आपण बसणं रचनाला कसं शोभणार? तिने भाताची परात उचलली.

"सर, आप बैठिए ना. मॅडम, हम सर्व करेंगे," वेटर म्हणाला.

"तू बैठ, भाऊ," धर्मेंद्रने त्याला प्रेमाने सांगितलं.

मळणीच्या वेळी खळ्यावर बैल फिरावेत तसे चौघे टेबलाभोवती फिरू लागले. धर्मेंद्र श्यामलालच्या रिकाम्या खुर्चीपुढच्या ताटात वाढत होता, श्यामलाल धर्मेंद्रच्या. रचना आणि सुशिलाबाई एकमेकींना "घ्या ना", "तुम्ही घ्या ना" करत दोनदा कोपऱ्यातल्या कुंडीपर्यंत जाऊन आल्या. शेजारच्या टेबलावरच्या माणसांनाही थोडी भाजी मिळाली. वेटरने हात मागे बांधले आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला.

या गोंधळात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. दोन्ही म्हाताऱ्यांच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

सुमनबाईंनी आपल्या ताटातल्या माशावरून केळीचं पान उलगडलं.

"एवढासाच," त्या म्हणाल्या. मग डावीकडे पाहिलं. तिथे कोपर नव्हतं. "आमच्या बांधाच्या तलावात एक मरळ मासा होता जी. त्याले कोळी लोकायनं जाळ्यात धरून बाहेर काढला, तेवा बांधाचं पानी वीतभर खाली गेलं. पानी मोजणारा मुन्शी धावत आला, बांध फुटला म्हणून."

"आई!" भाजीच्या भांड्याआडून सुशिलाबाईंचा आवाज आला.

सुमनबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पान पुन्हा माशावर ओढलं.

"नाही जी. असंच आपलं. म्हाताऱ्या माणसाचं काय..."

दुधरामजींनी दूरच्या टोकाकडे पाहिलं. हर्षा त्यांच्याकडेच पाहत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही वाचता येईना. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. मग काड्‌कन आवाज झाला. भिंतीला टेकलेल्या वेटरलाही तो ऐकू गेला. खडीसाखर फुटली होती.

"मरळ कोनत्या साली काढला जी?" दुधरामजींनी विचारलं.

सुमनबाईंनी मान वर केली. "ब्याऐंशी असन."

"धान रोवण्याचे दिवस होते?"

"रोवण्याचेच."

"हं." दुधरामजींनी मान डोलावली, जणू चाळीस वर्षांचा एक हिशोब जुळला. "त्या दिवशी आमच्या धानाच्या बांधीत एकाएकी वीतभर पानी चढलं होतं. आभाळ कोरडं, पाट कोरडा. रोवणाऱ्या बाया लुगडी वर खोचून पळाल्या. मी आजवर विचार करून राहिलो, का हे पानी आलं कुठून."

रचनाच्या परातीतून भाताची अख्खी मूद गालिच्यावर पडली.

सुमनबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"आमचंच आलं असन," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "परत नाही केलं तुमी?"

"पिकाले पाजलं. वासाचा चिन्नोर होता. त्या वर्षी असा झाला जी, का घरी भात शिजवला न् त्याचा वास दरेकशाच्या टेसनापर्यंत गेला. बोगद्यातून निघालेली पासिंजर सिग्नल नसताना थांबे. डायवर म्हणे, 'पहले खाना खाएंगे.'"

"डोंगरगडकडून येणारी पासिंजर?"

"तेच."

"मंग आमचा मालक त्याच गाडीत होता!" सुमनबाईंनी टेबलावर हात आपटला. "देवीच्या दर्शनाले गेला होता. एका दिवसाचं सांगून गेला न् तीन दिवसांनी आला. मी आजवर समजून राहिली, का बहिणीनं ठेवून घेतला."

"उंच होता? दुपट्टा गळ्यात?"

"हो जी."

"दरेकशाले उतरून पायी आला होता. वासाच्या मागं मागं. आमच्या ओसरीवर जेवला. पाचदा भात घेतला त्यानं."

"सहादा घेतला असन. मी वाढत होती रोज, मले नाही माहीत?"

"बरं, सहादा."

सुमनबाई हसत होत्या. हसता हसता थांबल्या. टेबलावरचा एक भाताचा दाणा त्यांनी बोटाने इकडून तिकडे सरकवला.

"पोटभर जेवला ना जी?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "शेवटी शेवटी काहीच खात नव्हता."

"पोटभर," दुधरामजी म्हणाले. "ढेकर गावात ऐकू गेला."

सुमनबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. हिमांशू आजीकडे पाहत राहिला. आजोबा गेल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांचं नाव जेवताना कुणी काढलं नव्हतं.

टेबलाभोवतीची प्रदक्षिणा कधीच थांबली होती. चौघेही आपापली भांडी धरून जागच्या जागी उभे होते. रचनाने डोळे मिटून घेतले. तिला हेडमास्तरांची पाठमोरी टोपी दिसत असावी.

सुशिलाबाईंनी भाजीचं भांडं खाली ठेवलं. शांतपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या टेबलाच्या दूरच्या टोकाला गेल्या आणि हर्षासमोर उभ्या राहिल्या.

"तू गणिताची बाई आहेस ना?"

"हो."

"मंग मले खरं सांग. हे तुझे आबाजी बोलून राहिले, ते सारं खरं आहे?"

धर्मेंद्रने श्यामलालकडे पाहिलं. श्यामलालनी डाळीकडे पाहिलं. दुधरामजींचा हात ताटावर तसाच थांबला. नातीने आता फक्त एवढंच म्हणायचं होतं, की आबाजी असेच बोलतात, मनावर घेऊ नका. तेवढं पुरलं असतं. त्यांनी स्वतःच तिला मनातल्या मनात ते म्हणायला परवानगी देऊन टाकली.

हर्षा उभी राहिली. ओढणी सारखी केली.

"सगळं नाही," ती म्हणाली.

रचनाने सुटकेचा श्वास सोडला.

"आबाजी पाचदा म्हणतात, आजी सहादा म्हणतात. दोन्ही चूक. साडेपाचदा. शेवटच्या वेळी त्यांनी अर्धीच मूद घेतली."

सुशिलाबाईंच्या भुवया वर गेल्या. "तुले कसं माहीत?"

"वाढायला मीच होते ना," हर्षा म्हणाली. वर्गात फळ्यावर उत्तर लिहावं इतक्या सरळ चेहऱ्याने. "माझा जन्म व्हायला अजून सोळा वर्षं होती. म्हणून हात जरा आखूड पडत होता."

हिमांशूने तोंडावर रुमाल दाबला. सुमनबाईंचे खांदे गदगदू लागले.

सुशिलाबाईंनी हर्षाला एकदा नखशिखांत न्याहाळलं. मग त्या वळल्या, आपल्या खुर्चीपाशी आल्या आणि मुलीकडचे सगळे उभे असताना, वराच्या आईने जसं बसावं तशा, मांड ठोकून बसल्या. चाकाएवढं ते पांढरं ताट त्यांनी दोन्ही हातांनी उचलून हर्षाच्या दिशेने धरलं.

"वाढ मंग," त्या म्हणाल्या. "आता त पुरते ना हात?"

हर्षाने आईच्या हातातून परात घेतली.

सगळ्यांनी दुधरामजींकडे पाहिलं, आता ते काय सांगतात म्हणून. दुधरामजींनी तोंड उघडलं. थोडा वेळ तसंच उघडं ठेवलं. मग त्यात भाताचा एक घास घातला आणि नातीकडे बघत सावकाश चावत बसले.