सवतीची चावी

मी सुवर्णाची शिलाई मशीन बोलतेय. काळी, पायाने चालवायची, बिडाच्या पायांची. शेजारच्या गाळ्यातल्या माझ्या सवतीबद्दल मी चांगलं बोलेन असं वाटत असेल, तर इथेच थांबा.

सुवर्णाच्या सासूने, धोंडाबाईने, मला घोटीच्या बाजारातून नाशकात आणलं. नवरा गेल्यावर दोन्ही पोरं तिने माझ्यावर वाढवली. धाकटा धनराज माझ्या पायडलवर बसून दूधभात खायचा. त्याचे शाळेचे सगळे शर्ट माझ्या सुईखालून गेले. पुढे धोंडाबाईची नजर अधू झाली, तेव्हा तिने थोरल्या सुनेचा हात माझ्या चाकावर ठेवला. म्हणाली, "लय गुणाची हाय. तेल घालत जा, मग तुला कधी नाय म्हणायची नाय."

जुन्या नाशकातल्या एका गल्लीत सुवर्णाने गाळा घेतला. बारा वर्षं ती माझी आणि मी तिची होते. मग शेजारी मालेगावची नसीम आली, आणि तिच्याबरोबर ती आली. पांढरी, विजेवर चालणारी, भरतकामाची. बटण दाबलं की मोर, बटण दाबलं की वेल. मी जन्मभर सरळ टीप घातली. मोर मला कुठून येणार?

दुपारचा डबा झाला की सुवर्णा उठायची. "दोन मिनिटांत आले," असं मलाच सांगितल्यासारखं बोलायची आणि चहाच्या वेळेपर्यंत तिकडेच. भिंतीपलीकडून दोघींचं हसू ऐकू यायचं. ती परत आली की मी मुद्दाम दोरा तोडायचे. "म्हातारी झाली बिचारी," ती म्हणायची. तेल घालायचंही विसरू लागली.

गेल्या वर्षी नसीम बहिणीच्या बाळंतपणाला मालेगावला गेली. जाताना गाळ्याची चावी सुवर्णाच्या हातात देऊन म्हणाली, "मेरी मशीन को देखना, सुवर्णा. उंदीर वायरी कुरतडतात." सुवर्णाने ती चावी मंगळसूत्रात अडकवली. सवतीची चावी, माझ्या मालकिणीच्या गळ्यात!

तिसऱ्या दिवशी दुपारी मिरवणुकीवर दगड पडल्याची बातमी मोबाइलवरून पसरली. कोणी टाकला, कोणालाच माहीत नव्हतं. सुवर्णा शटर ओढतच होती, तेवढ्यात तीस-चाळीस जण गल्लीत शिरले. हातात रॉड, काठ्या. पुढे धनराज.

"वहिनी, शेजारची चावी द्या आणि घरी जा."

"कशाला हवीय?"

"तुम्हाला कळतंय कशाला."

"दगड नसीमने मारला का, भाऊजी?"

"तिच्या लोकांनी मारला."

"ती तिकडे बहिणीचं बाळंतपण करतेय. तिने कोणाला काय केलं?"

धनराज एक पाऊल मागे सरला. मागून कोणीतरी म्हणालं, "धन्या, तुझ्याच घरातली आडवी येतेय." तसा तो पुन्हा एक पाऊल पुढे आला.

सुवर्णाने एका हाताने गळ्यातली चावी मुठीत धरली होती. त्या वेळीसुद्धा तिचा हात तिथे होता, माझ्यावर नव्हता. ती हळूच म्हणाली, "चावी मी देणार नाही. काही फोडल्याशिवाय जाता येत नसेल, तर माझा गाळा उघडा आहे."

त्यांनी तिचा शब्द धरला. दोघांनी मला ओढून रस्त्यावर आपटलं. चाकाचे तीन तुकडे झाले. एकाने माझ्या डोक्यावर रॉड घातला.

"अरे, ती आईची आहे," धनराज म्हणाला. आवाज इतका बारीक होता की रॉड थांबला नाही.

लांबून पोलिसांच्या गाडीचा आवाज आला आणि गल्ली रिकामी झाली. शेजारचं कुलूप जसंच्या तसं होतं.

संध्याकाळी सुवर्णा चौकीवर गेली. तिने ओळखीची सगळी नावं सांगितली, पहिलं धनराजचं. "घरातलं नाव कशाला?" नवऱ्याने विचारलं. ती म्हणाली, "घरातलं गाळून बाकीच्यांची कोणत्या तोंडाने सांगू?" धोंडाबाई त्या दिवसापासून सुनेशी बोलत नाही.

नसीम परत आली. जमिनीवर बसून तिने माझे तुकडे गोळा केले. मग आपली मशीन इकडे आणली. आता सवत माझ्याच जागेवर उभी आहे. दोघी आळीपाळीने तिच्यावर बसतात, मी कोपऱ्यात कापडाचे गठ्ठे सांभाळते. महिन्यातून एकदा नसीम मला तेल घालते. फिरायला चाक नाही, तरी घालते. मला ते गोड लागत नाही. ज्या हाताची मी वाट बघते, तो हात मोर काढण्यात गुंतलेला असतो.

पंचनाम्यात माझी नोंद आहे : 'नुकसान – एक जुनी शिलाई मशीन.' जबाब सगळ्यांचे घेतले, माझा कोणी घेतला नाही. तो तुम्ही लिहून घ्या. नुकसानीच्या यादीतून माझं नाव खोडा आणि धनराजच्या नावाखाली लिहा. मला हात नव्हते, म्हणून मी काही फोडलं नाही. पण तो जमाव गल्लीत उभा होता आणि सुवर्णा मूठ आवळून एकटी उभी होती, तेव्हा मी आतून म्हणत होते, दे ती चावी, दे, एकदाची जळू दे त्या सवतीला.