घशातलं हाडूक

काजूनं भाकरीचा तुकडा तोंडात घेतला आणि तो तसाच खाली पडला. खालचा जबडा लोंबत होता, लाळेची तार भुईपर्यंत.

"हाडूक अडकलंय. परवाच्या मटनाचं," तात्याराव म्हणाले. "म्या सकाळीच बोटं घालून चाचपलं. घावंना."

श्रावस्तीनं सासऱ्यांच्या हाताकडं पाहिलं. अंगठ्याजवळ खरचटलेलं. तिनं चार वर्षांच्या चैतालीला पटकन कडेवर घेतलं. पोरगी उभी राहायला शिकली ती याच कुत्र्याच्या, काजूच्या पाठीला धरून. कुत्रा तरी कसं म्हणावं? तसं कुणी म्हटलं की तात्याराव ताटावरून उठायचे.

दाव्याला बांधलेला काजू पाण्याच्या घमेल्यात तोंड बुडवून उभा होता. पाणी आत जाईना. मग तो ओरडला. हा आवाज त्याचा नव्हता. घोगरा, मधेच तुटणारा.

तिनं तेर गावच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर शिवलिंग एरवी आल्या आल्या काजूच्या डोक्यावर थाप मारायचे. आज ते फाटकातच थबकले. बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग खिशातून हातमोजे काढले.

"तोंडात हात कुणी घातला?"

"म्या. हाडूक काढाया."

"हाडूक असतं तर त्यानं पंजानं तोंड ओरबाडलं असतं, तात्याराव. रेबीजची लस कधी टोचली?"

"उन्हाळ्यात," श्रावस्ती सासऱ्यांकडं बघत लगेच म्हणाली. "मामांनीच नेलं होतं."

तात्याराव खाली वाकून दाव्याची गाठ चाचपू लागले. गाठ तर पक्की होती.

"मामा?"

"नेलं व्हतं गं. सुई बघून लटलट कापाया लागलं. माझ्या मांडीत तोंड खुपसलं. माझा जीवच झाला न्हाय. म्हटलं, पुढल्या खेपेला. घरातलं लेकरू, त्याला काय व्हतंय!"

डॉक्टरांनी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. "लाळ आणखी कुणाला लागली? जखमेला, डोळ्याला?"

"नाही," श्रावस्ती म्हणाली. ती तर पोरीला डोळ्यांआड होऊ देत नव्हती. तरी तिची नजर आपसूक खाली गेली. चैतालीचा गुडघा काल अंगणात फुटला होता. तिनं स्वतः औषध लावून पट्टी चिकटवली होती. पट्टी नव्हती. अंघोळीत निघाली असेल असं सकाळी वाटलं होतं.

"चैतू, पट्टी कुठंय गं?"

"आबांनी काढली. काजूनं चाटलं की लवकर बरं होतंय." आजोबांकडं बोट करून ती खुदकन हसली. "लई गुदगुल्या झाल्या!"

तात्यारावांनी खरचटलेला हात पाठीमागं नेला. "आमचं समदं बालपण असंच... चाटलं की भरतंय म्हणत्यात..."

"साबण आणा," डॉक्टर म्हणाले. "दोघांच्याही जखमा वाहत्या पाण्याखाली धुवा, भरपूर वेळ. मग थेट धाराशिवला, मोठ्या दवाखान्यात. आत्ता निघालात, सगळी इंजेक्शनं घेतली तर पोरगी वाचेल."

"आन काजू?"

डॉक्टरांनी फाटकाची कडी लावून घेतली.

नळाखाली श्रावस्ती पोरीचा गुडघा चोळत राहिली. पोर रडत होती, तरी चोळत राहिली. तात्याराव शेजारी हात पुढं करून उभे. "आधी तिचं, पोरी. माझं ऱ्हाऊ दे."

"तुमचंही," ती म्हणाली. तिनं त्यांच्याकडं पाहिलं मात्र नाही.

निघताना चैतालीनं आईच्या खांद्यावरून हात हलवला. "काजू, आम्ही येतो हं!"

तिच्या हाकेसरशी धावणारा काजू जागचा हलला नाही. दावं ताणून तो समोरच्या कोऱ्या भिंतीकडं एकटक बघत होता.