सत्ताविसावी ओळ

मेरेनने थेंब सोडला आणि पडद्याकडे पाहायचं टाळलं.

सूक्ष्मदर्शकाखाली मादी उंदराच्या नाकातल्या, सजातीयांचा गंध टिपणाऱ्या इवल्या नळीचा पापुद्रा होता. थेंबात अनोळखी नराच्या मुताचा अंश असेल, तर पेशींत कॅल्शियम शिरणार आणि रंग भरलेल्या त्या पेशी उजळणार. थेंब तिने एका गोणीतला भुसा भिजवून घेतला होता. शेवटी तिने मान वर केली. एक पेशी उजळली, मग शेजारची, मग एकदम दहा-बारा.

म्हणजे गोणीच.

तीन आठवड्यांपूर्वी, नुकत्याच गाभण राहिलेल्या चौदा माद्यांच्या पिंजऱ्यांत तो भुसा तिनेच घातला होता. ताजा संपला होता, घरी जायची घाई होती आणि हा वापरून काढलेला असला तरी स्वच्छ दिसत होता. परक्या नराचा वास लागला की सुरुवातीचा गर्भ टिकत नाही, हे ती स्वतः वर्गात शिकवायची. अकरा माद्या रिकाम्या झाल्या. ठपका आला सियोनेवर. न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या त्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं उंदीर सांभाळणाऱ्या या, टोंगा बेटांवरून आलेल्या माणसाला तळघरात पिंजरे धुवायला धाडलं. ज्या बैठकीत हे ठरलं, तिथे मेरेन वहीत बघत राहिली होती.

उजळणाऱ्या पेशींची चित्रफीत घेऊन ती विभागप्रमुख हार्जेस्टबाईंकडे गेली. अडखळत का होईना, सगळं सांगितलं.

बाई पडद्यावर वाकल्या. "अगं, काय स्वच्छ आलंय हे! छापायलाच हवं."

"आणि सियोने?"

"बरा आहे की तो खाली. आता कशाला उकरत बसतेस?"

मेरेन जिना उतरली. सियोने कोपरापर्यंत फेसात होता. तिला बघून त्याने हात पुसले, खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"बरं झालं आलीस, पोरी. त्या आठवड्यात कशाकशाला हात लावला, सगळं आठवून लिहिलंय. बायकोने घरी साबण बदलला होता, तेही घातलंय. तू शिकलेली. बघ ना, कुठे चुकलो मी?"

सव्वीस ओळी होत्या. काही खोडून पुन्हा लिहिलेल्या. मेरेनने सगळ्या वाचल्या, एकही गाळली नाही.

"सापडलं?" त्याने हळूच विचारलं.

तिने पेन्सिल मागितली. सत्ताविसावी ओळ लिहायला तिला फार वेळ लागला.