इलाहीचा चहा

इलाहीच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. लाळेत केळ्याचा लगदा होता, आणि उशीवरून मुंग्यांची रांग थेट ओठापर्यंत लागली होती. शेजारच्या खाटेवरून लालासाहेब बघत होते. फौजेत असताना त्यांनी कुजलेली खेचरं ओढून काढली होती, तेव्हा तोंड फिरवलं नव्हतं. आज फिरवलं.

काठी टेकत जाऊन त्यांनी मुंग्या झटकल्या. इलाही हलला नाही.

वाईजवळच्या त्या वृद्धाश्रमात दोघांच्या खाटा लागून होत्या. इलाही वडूजचा कल्हईवाला. उभी हयात गावोगाव भाता मांडून त्यानं लोकांची पितळी भांडी उजळली, आणि म्हातारपणी त्याच्याच डोक्यातली कल्हई उडाली. जेवलो की नाही हे विसरायचा, समोरचं माणूस विसरायचा. पाय मात्र काही विसरले नव्हते. मनात आलं की न्हाणीतलं लोखंडी घमेलं आणायचा, त्यात फडकं टाकून उभा राहायचा आणि खिडकीचा गज धरून कंबरेतून फिरायचा. गर्रकन डावीकडं, गर्रकन उजवीकडं. कल्हई लावायच्या आधी मोठं भांडं आत रेती टाकून असंच पायानं घासतात.

सांभाळणाऱ्या रेश्माला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिच्या जन्मापासून घरात सगळं स्टीलचं. तिला वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला. डॉक्टर आले, गोळी लिहून दिली, आणि जाताना बजावलं, "ही रोजची गोळी नाही. फारच तळमळले, स्वतःला इजा करून घ्यायला लागले, तरच द्यायची. त्याआधी जवळ बसा, बोला."

जवळ बसायला सवड कुणाला? इलाही घमेल्यात उभा राहिला की गोळी. मग घमेल्याकडं नुसता बघायला लागला तरी गोळी. फरशी पुसायची असली की गोळी, मालिका लागली की गोळी, कुणी बघायला येणार असलं की सकाळीच गोळी. चमच्याच्या पाठीनं चुरडायची, केळ्यात नाहीतर चहात कालवायची आणि तोच चमचा दुसऱ्याच्या आमटीत घालायचा.

"अगं, त्यो भांडं घासतोय," लालासाहेब एकदा म्हणाले होते. "झटका न्हाई त्यो."

"आजोबा, पडला न् खुबा मोडला, तर तुमी उचलणार काय?"

लालासाहेब खाटेवर आडवे झाले. खरं तर घमेल्याची खरखर थांबली की त्यांनाही दुपारची झोप बरी लागायची. तीच झोप आठवून आता त्यांना स्वतःची शिसारी येत होती.

मागच्या खेपेला इलाहीची लेक नूरजहां आली, तेव्हाही तो असाच पडला होता. तिनं हलवलं, गालावर पाणी लावलं, "अब्बा, अब्बा" म्हणून हाका मारल्या.

"वय झालं, ताई. मेंदू गेला त्यांचा," रेश्मा म्हणाली.

नूरजहां लालासाहेबांकडं बघून बोलली, "चाचा, घरातली म्हणत्यात, वळख असंल तर आणू घरी. नुसतं लाकूड आणून काय करायचं? पुढल्या जुम्म्याला येते. तवाबी असंच असले तर..."

लालासाहेबांनी तोंड उघडलं. रेश्मा कंबरेवर हात ठेवून उभी होती. पोरगा पुण्यात, सून घरात घेत नाही; इथून काढलं तर जायचं कुठं? त्यांनी तोंड मिटलं.

आज तोच शुक्रवार होता. रात्रीच्या केळ्यातली गोळी उतरत आली, इलाहीनं डोळे उघडले, तशी रेश्मा सकाळचा चहा घेऊन आली. इलाहीच्या कपात पांढरी भुकटी अजून तरंगत होती. कप रिकामा होईपर्यंत ती तिथून हलत नसे.

"आवं आजोबा, तुमचा घ्या की."

"घेतो. त्याला गरम लागतोय, फुंकून देतो मी," म्हणत लालासाहेबांनी दोन्ही कप हातात घेतले. तेवढ्यात पलीकडं कुणाचा तरी तांब्या पडला आणि रेश्मानं मान वळवली. लालासाहेबांनी इलाहीचा चहा एका दमात घशात ओतला. कडू जहर! तळाचा गाळ दाताला लागला. स्वतःचा कप त्यांनी इलाहीच्या ओठाला लावला.

"पी गड्या. आज जागा ऱ्हा."

रेश्मा रिकामे कप घेऊन गेली.

थोड्या वेळानं लालासाहेबांची जीभ जड झाली. खाट खाली खाली जाऊ लागली. डोळ्यांच्या फटीतून त्यांना दिसलं, इलाही उठला. घमेलं आणलं, फडकं टाकलं, गज धरला. गर्रकन डावीकडं, गर्रकन उजवीकडं. रेश्मा आतून ओरडत धावली. त्याच वेळी दारातून नूरजहां आत आली. ती ओरडली नाही. पिशवी खाली टाकून तिनं बापाचे दोन्ही हात धरले, लहानपणी धरत असेल तसे.

"अब्बा, रेती डाली क्या?"

इलाही थांबला. तिच्या तोंडाकडं बघत राहिला. "नूरी, भाता मार," तो म्हणाला. "आग बुझ रही."

ती हसत होती की रडत होती, हे लालासाहेबांना कळलं नाही. त्यांचे डोळे मिटले.

जाग आली ती ओल्या अंथरुणात. स्वतःच्याच मुताचा वास येत होता, हनुवटीवर लाळ वाळली होती. त्यांनी ती पुसली तर हाताला मुंगी लागली. शेजारची खाट रिकामी होती. गादी गुंडाळलेली, घमेलं पुन्हा न्हाणीत.

"नेला हो लेकीनं," चादर ओढत रेश्मा म्हणाली. "आन तुमी आज लय गुणी झोपला. काठीची ठकठक न्हाई का बोलणं न्हाई. किती बरं वाटलं."

तिनं संध्याकाळचा चहा पुढं ठेवला. इलाहीच्या कपात. वर पांढरी भुकटी तरंगत होती.

"ही इलाहीची गोळी," लालासाहेब म्हणाले. "मला न्हाई लिहिलेली."

"इलाहीचाचांचं पाकीट हितंच ऱ्हायलं. वाया कशाला घालवायचं? घ्या, थंड हुईल."

लालासाहेबांनी हाताच्या फटक्यानं कप उडवला. चहा भिंतीवर गेला, कप घरंगळत दारापर्यंत पोचला.

रेश्मा रागावली नाही. तिनं कप उचलला, पदरानं पुसला आणि आतल्या बाईला हाक मारली.

"केळं आण गं. फौजी आजोबा तळमळाया लागलं."