चौथी गाठ

मी एक दोरी बोलतेय. विहिरीवरची नाही, बैलाच्या वेसणीचीही नाही. मी कमरेची दोरी. हसू आलं तर हसा, पण ऐकून घ्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, ते काही उगाच नाही.

माझा जन्म इटलीतल्या एका डोंगरी मठातला. पांढऱ्या सुतापासून मला वळलं आणि एका म्हाताऱ्या संन्याशाने माझ्या टोकाला तीन गाठी मारल्या. पहिली गरिबीची, दुसरी ब्रह्मचर्याची, तिसरी आज्ञा पाळण्याची. मग मला फादर सिल्वेस्त्रोंच्या तपकिरी झग्यावर बांधलं. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. त्यांचे वडील दगडाच्या खाणीत राबलेले, त्यामुळे पोरगाही तसाच निघाला. एकदा हातात घेतलेलं काम सोडेल तर शपथ!

आम्ही बोटीने मुंबईला आलो, तिथून रेल्वेने नागपूरला. दोन वर्षांनी फादरांना कुहीच्या पलीकडे एका वस्तीवर धाडलं. एक झोपडी, एक औषधाची पेटी आणि मी, एवढाच संसार. लोक त्यांना पादरीबाबा म्हणू लागले. बाबा मराठी शिकले तेही लोकांच्या तोंडून, म्हणून तिकडचंच बोलायचे.

त्या वस्तीतल्या बायांना गावच्या विहिरीला हात लावायची बंदी होती. घागर खाली ठेवायची आणि उन्हात उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाहीतर तशाच परत. मी हे रोज पाहायचे. माणसं देवाला पाण्याने अंघोळ घालतात आणि माणसाला तहानेलं ठेवतात, याचा मला फार राग यायचा.

दिवाळीनंतर बाबांनी वस्तीतच विहीर खणायला घेतली. रुखमाबाई आणि तिचा नवरा कवडू सगळ्यांत पुढे. सहा हात मुरूम सुटला, मग काळा खडक लागला. होळी आली तरी ओल नाही. माणसं एकेक करून मजुरीला निघून जाऊ लागली.

एके सकाळी रुखमाबाईने बाबांच्या कमरेवरून लोंबणारं माझं टोक हातात धरलं. "बाबा, ह्या तीन गाठी तुमच्या देवाच्या. ही चौथी माही." असं म्हणून तिने करकचून गाठ मारली. "हा नवस हाये. पानी लागल्याबिगर सोडाची नाही."

आता संन्याशाच्या दोरीला चौथी गाठ असते का? नसते. पण बाबा हसले आणि खाली उतरून पहार मारू लागले.

चैत्रात नागपूरहून मठाचे मुख्य आले, बैलांच्या दमणीत बसून. फादर अँब्रोजिओ त्यांचं नाव. मठाच्या शाळेला शिक्षक हवा होता, आणि विहीर खणणं हे काही त्यांच्या मते पाद्र्याचं काम नव्हतं. त्यांची नजर माझ्यावर गेली.

"ही चौथी कसली? सोडा ती, आणि उद्या माझ्याबरोबर चला."

बाबा रात्रभर गुडघे टेकून प्रार्थना करत होते. तिसरी गाठ म्हणत होती, जा. चौथी म्हणत होती, थांब. माझ्या एकाच अंगावर दोन्ही बसलेल्या, माझा जीव नुसता ओढला जात होता.

सकाळी त्यांनी मला कमरेवरून काढलं आणि रुखमाबाईच्या हातात ठेवलं. "मले जा लागते. पण ही गाठ माही नाही, मले सोडता येत नाही." आणि झग्यावर तागाची सुतळी गुंडाळून ते दमणीत बसले. मुख्यांनी तोंड फिरवलं.

कवडूने पहार टाकून दिली. "बाबा गेला वं. आता कायचं पानी?"

"बाबा गेला, विहीर गेली काय?" रुखमाबाई कडाडली. "काहून बसून राहिला गा? उठ!" तिने मला लुगड्यावरून कमरेला बांधलं आणि शिडीने खाली उतरली.

त्यानंतर सतरा दिवस मी तिच्या घामात भिजले. अठराव्या दिवशी कपारीतून चिखल सरकला, मग ओल, मग बोटाएवढी धार. कवडू तिथेच बसून लेकरासारखा रडला. बाया म्हणाल्या, सोड आता गाठ. रुखमाबाई म्हणाली, "बाबाच्या डोयासमोर सोडीन."

पाण्याने भरलेला लोटा फडक्याने बांधून ती नागपूरला चालत निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मठाच्या पायरीवर पोचली. बाबा वर्गातून धावत आले, कमरेला तीच सुतळी! पण चिखलाने आणि घामाने गाठ दगड झाली होती. तिने दात लावले, बाबांनी नखं लावली. कुणीतरी चाकू आणला.

"कापाची नाही!" ती ओरडली.

तेवढ्यात फादर अँब्रोजिओ आले. पायरीवर बसले, चष्मा वर सरकवला आणि त्या म्हाताऱ्या बोटांनी गाठ उकलू लागले. बराच वेळ लागला. अखेर गाठ सुटली. मग त्यांनी रुखमाबाईपुढे ओंजळ धरली.

"आधी मला," ते म्हणाले.

ती थबकली. आजवर तिच्या घागरीत लोकांनी वरून ओतलं होतं. आज तिने ओतलं.

या गोष्टीला चोवीस वर्षं झाली, तेव्हापासून मी पुन्हा बाबांच्याच कमरेला होते. मागच्या पंधरवड्यात बाबा गेले. संन्याशाला दोरीसकट पुरायची रीत आहे, पण त्यांनी सांगून ठेवलं होतं, मला सुतळी पुरे, ती दोरी वस्तीवर पाठवा. मी रडले नसेन असं समजू नका. दोरीलाही पोरकं वाटतं.

आता मी रुखमाबाईच्या लेकीच्या, मनकर्णेच्या कमरेला आहे. पुढच्या टोल्यावर, म्हणजे पलीकडच्या वस्तीत, अजून पाणी नाही. काल तिने तिथे पहिली पहार मारली आणि माझं टोक धरलं. जुन्या गाठीचा वळ तिथे अजून होता. त्याच जागी तिने नवी गाठ मारली.

मी जुनी झालेय, सूत विरलंय. तरी चाकू घेऊन माझ्याजवळ येऊ नका. पहार घेऊन या. पाणी लागल्याबिगर मी सुटणार नाही.