ओढ्यातून गेलेली हद्द

"आता कुठली निवडणूक लढवतेस? तुझा मतदारसंघच गेला!" नवरा गोठ्याच्या दारातूनच ओरडला.

दूधवालीचा हात थांबला. म्हैस मान वळवून बघायला लागली.

"गेला म्हणजे? कुठं गेला?"

"मोडला सरकारनं. ओढ्याच्या मधून हद्द आखलीय. अलीकडचे आपण शहराला जोडले गेलो, पलीकडचे खालच्या गावांना."

तो जुना मतदारसंघ म्हणजे दोन्ही काठांची एकत्र बांधलेली मोट. पहिला आमदार एक सुतार. त्यानं पलीकडं दवाखाना आणला आणि पुलासाठी खटपट करता करता वारला. त्याच्यामागून आलेल्यांनी पुलावर भाषणं तेवढी केली. दर पावसाळ्यात ओढा फुगायचा आणि अलीकडची आजारी माणसं दवाखान्याकडं बघत चिखलात बसायची. दूधवालीची धाकटी जाऊ अशीच कळा सोसत बसली होती. पाणी उतरलं, पण मूल काही हाती लागलं नाही. त्या साली दूधवाली पहिल्यांदा उभी राहिली. पडली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली. पलीकडं ती रोज दूध घालायची. त्या लोकांनी भरभरून मतं दिली. पाडलं ते आपल्याच गावानं.

हद्दीची बातमी आल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चुलीवरचं करपायचं. दुधाला निघायची आणि किटली घरीच राहायची. शेवटी कचेरी गाठली.

"हरकतींची मुदत संपली, बाई," साहेब म्हणाला. "पण उभं राहायला कोण अडवतंय? पलीकडून उभ्या राहा. फक्त तुमचं मत इकडंच द्यावं लागेल."

नवऱ्याला हसू आवरेना. "म्हणजे स्वतःचंसुद्धा मत नाही मिळायचं तुला!"

"आजवर तुझं तरी कुठं मिळालं?"

दुसऱ्या दिवशी तिच्याआधी किटल्या सायकलला लावून नवरा पलीकडं गेला आणि दारोदार दूध मापता मापता बायकोसाठी मतं मागायला लागला.

निवडून आली की हो! आपलं गाव लगेच नाचत दारात. "आपली बाई आमदार! आता पूल झालाच!"

"तुमचा आमदार शहरात बसतो," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं. पण आत तिचा पाय एका जागी ठरेना.

पलीकडचा अर्धा पूल तिनं खेचून आणला. ओढ्याच्या मधोमध काम थांबलं. पुढचं अर्धं शहरवाल्या आमदाराचं, आणि तो काही दाद देईना. तिनं पत्रं धाडली, माणसं धाडली. पुन्हा आभाळ भरून यायला लागलं.

एके सकाळी शहरवाला आपल्या बैठकीच्या खोलीत आला. बाकावर गाऱ्हाणी घेऊन आलेल्या माणसांच्या रांगेत ही बसलेली, पायाला ओढ्याचा चिखल तसाच. तो गडबडला.

"अहो ताई, तुम्ही इथं? आमदारांनी रांगेत बसायचं नसतं. आत या, चहा घेऊ."

"आमदार म्हणून आले असते तर आत आले असते," ती म्हणाली. "माझं मत या काठाला आहे. मी तुमची मतदार. नंबर आला की बोलेन, आणि पूल होईपर्यंत रोज येऊन बसेन."

रांगेतली माणसं त्याच्याकडं बघायला लागली. त्यानं उभ्या उभ्याच इंजिनिअरला फोन लावला.

दूधवाली बाकावरून हलली नाही. तिच्या पुढं अजून एक म्हातारी होती.